शिरढोणच्या ओटीवरचा शुक्रवार

दसऱ्याच्या आधीचा गुरुवार. रक्कम सव्वीस हजार. त्यातले वीस हजार तिथल्या तिथे रोख, उरलेले सहा हजार विमानतळावर निघायच्या सकाळी. हजर चौघे: गाडी विकणारे सालोमन काका, घेणारे माझे वडील अण्णा, दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली सेगुलाआजी, आणि नोटा मोजायला बसवलेला मी. अण्णा उरणकडच्या एका गोदाम कंपनीत हिशेबनीस होते. आधी दिवस, मग रक्कम, मग साक्षीला कोण, अशा क्रमानेच ते कुठलाही व्यवहार सांगत. मलाही तीच खोड लागली आहे. या प्रकरणातला पहिला व्यवहार मला असा घडाघडा सांगता येतो. पुढचा भाग सांगायला मला इतकी वर्षं लागली.

पनवेलला तळ्याच्या मागे आमची तीन बैठी घरं होती, एकाच अंगणाची. मधलं आपटेकरांचं. आपटेकर म्हणजे बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी, पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे. मूळ गाव पाताळगंगेकाठचं आपटा, म्हणून आडनाव आपटेकर. सालोमन काका मुंबईत सरकारी नोकरीत होते आणि निवृत्तीला आले होते. काकूंचं नाव रेबेका. आणि काकांची आई ती सेगुलाआजी, नऊवारी पातळ, कपाळ मोकळं, गळ्यात काळी पोत आणि जीभ अशी की विळीची धार बरी. दारातून आतबाहेर करताना ती चौकटीवरच्या, आत प्रार्थना ठेवलेल्या छोट्या नळीला बोटं लावून ओठांशी नेई. लहानपणी मीही त्यांच्या घरात शिरताना तसंच करायचो. मला वाटायचं, सगळ्यांच्याच दाराला असं काही असतं आणि आमच्याच घराला लावायचं राहून गेलंय.

शुक्रवारी दुपारपासून त्या घराला वेगळा वास असे. नारळाचं दूध घातलेली माशाची आमटी, तव्यावरच्या तुकड्या, वेलची. सूर्य तळ्यापलीकडे उतरायच्या आत सगळं शिजून झाकून ठेवलेलं, काकांची गाडी अंगणात उभी, आणि आजी काचेच्या पेल्यात अर्धं पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात असा दिवा लावून उभी. एकदा तो दिवा लागला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तवाला हात नाही, बटणाला हात नाही, पैशाला हात नाही, वाहनात पाय नाही. काकांच्या पिढीत पुष्कळांनी हे सैल केलं होतं. आजीने नाही. आणि नियम असा की हे काम दुसऱ्याला सांगूनही करून घ्यायचं नाही. मग आजी हवेत बोलायची. "आज काय बाई, घशाला कोरड पडलीय," असं ती अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणाली, की मी आत जाऊन स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवायचो. "संध्याकाळ लवकर झाली वाटतं," म्हटलं की बटण दाबायचं. मला कधी तिने नाव घेऊन काही सांगितलं नाही. मी समजून करायचो, आणि आपल्याला न सांगता समजतं याचा मला फार अभिमान होता.

ते सगळे कायमचे इस्राएलला निघाले होते. काकांची मोठी मुलगी आधीच तिकडे होती. दिवाळीनंतरच्या एका रविवारची तिकिटं निघाली. गाडी अण्णांनी घ्यावी हे काकांनीच सुचवलं. तोवर ती दोन्ही घरांनी वापरायची, आणि शेवटचं विमानतळावर जायचं ते तिच्यातूनच, एवढी एकच अट. फिकट निळ्या रंगाची, गोल नाकाची, जुनी पण काकांनी लेकरासारखी ठेवलेली गाडी. तिच्यात एक जुना रेडिओ होता. त्यावर बातम्या ऐकू यायच्या आणि गाणी घरघरायची.

मी अठरा वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रिकल. गाडी आपली होणार म्हटल्यावर मला झोप लागेना. पनवेलच्या बाजारात एका दुकानात गाडीचे टेप, स्पीकर, अँप्लिफायर टांगलेले असायचे. शिकवण्या घेऊन साठवलेले तीन हजार चारशे मी तिथे ओतले. मागच्या काचेखाली दोन अंडाकृती स्पीकर, डिकीत अँप्लिफायर आणि मी स्वतः प्लायवुड कापून केलेल्या खोक्यात वूफर. आईने त्या खोक्याला "तिजोरी" नाव ठेवलं. "एवढ्या आवाजाचं करायचंय काय? वरात काढायचीय का कुणाची?" ती विचारी. अण्णा एवढंच म्हणाले, "बॅटरीला झेपेल का, ते बघ."

ते मी बघितलं होतं. त्या बाबतीत मी खरोखर नेटका होतो. अँप्लिफायर किती करंट ओढणार, इंजिन किती, दिवे किती, डायनामो (ऑल्टरनेटरलाही आम्ही डायनामोच म्हणायचो) देतो किती, सगळी बेरीज केली. जुनी वायर बारीक होती म्हणून डायनामोपासून बॅटरीपर्यंत जाड वायर टाकली, टोकांना थिंबल, म्हणजे पितळी टोप्या, दाबून वर डाक दिला, बॅटरीजवळ फ्यूज घातला. इंजिन चालू ठेवून मीटर लावला तर पावणेचौदा व्होल्ट. अंगणात गाणं लावलं तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातली ताटं मांडणीवर थरथरली. सालोमन काका कानावर हात ठेवून हसत होते. सेगुलाआजी म्हणाली, "मेलेला माणूस उठेल रे. आपट्याला नेऊन बघ, माझा नवरा उठतो का."

आता एक दिव्याची गोष्ट. त्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक बारका तांबडा दिवा होता. किल्ली फिरवली की लागायचा, इंजिन चालू झालं की विझायचा. डायनामो बॅटरी भरत नसेल तर तो लागून राहतो, एवढंच मला माहीत. माझी वायरिंग चोख, म्हणजे त्याचं काम संपलं, असं मला वाटलं. अँप्लिफायर चालू असल्याचं कळायला मला निळ्या काचेचा दिवा बसवायचा होता आणि त्याला भोक पाहिजे होतं. ते निघायच्या रविवारआधीच्या गुरुवारी संध्याकाळी, सगळं काम झाल्यावर, मी तांबडा दिवा काढून त्या जागी निळा बसवला. फार सुंदर दिसला. त्यानंतर मी मीटर लावला नाही. पावणेचौदा व्होल्ट एकदा आले होते, ते परत कशाला मोजायचे?

इतक्या वर्षांनी, आत्ता मागच्या महिन्यात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलाच्या विजेच्या गाडीसाठी चार्जिंगची लाइन ओढली. मीटरच्या खोलीपासून आमच्या जागेपर्यंत केबल, वेगळा ब्रेकर, वेगळं अर्थिंग. वायरमन नेक माणूस. तो प्रत्येक जोड झाल्यावर निघायला लागला की मी म्हणायचो, "एकदा मोजा." तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "साहेब, मघाशी तेच तर मोजलं." मुलगा म्हणाला, "बाबांचं असंच असतं. मीठ घातल्यावर पण मीटर लावतील." मी म्हटलं, "मघाशी मोजल्यावर तुम्ही स्क्रू फिरवलात. मोजा." कारण त्यांना सांगितलं नाही.

रविवारी निघायचं, त्याच्या आधीच्या शुक्रवारी आजीला टप्प्यावर जायचं होतं. अलिबागच्या वाटेला खंडाळे गावाजवळ एक कातळ आहे, त्यालाच ते टप्पा म्हणतात. एलियाहू हन्नाबी, म्हणजे त्यांचा संदेष्टा, रथातून तिथे उतरला आणि दगडावर घोड्याच्या टापा नि चाकाची खूण उमटली, अशी त्यांची श्रद्धा. देश सोडताना तिथे जाऊन मलिदा करायचा. त्याच संध्याकाळी पनवेलच्या घरी आजीचा शेवटचा शब्बाथ, म्हणजे तो दिवा लावून पाळायचा विसाव्याचा दिवस, होता. चौदाव्या वर्षी ती लग्न होऊन ज्या घरात आली, त्याच घरात शेवटचा दिवा लावायचा आणि उरल्यासुरल्या सगळ्या आप्तांनी तिच्याबरोबर जेवायचं, असं ठरलं होतं. पेण, उरण, ठाणे, कुठून कुठून माणसं येणार होती. आमच्या घरातल्या अकरा खुर्च्या आदल्या दिवशीच तिकडे गेल्या होत्या. काकू स्वयंपाकासाठी मागे राहिल्या. सकाळी आठला निघायचं आणि चारच्या आत परत यायचं. आजीने मला गाडीत घेतलं ते हात धरून कातळावर चढवायला. मी गेलो ते गाणी ऐकवायला.

जाताना सगळं उत्तम होतं. कर्नाळ्याच्या वळणावर निळा दिवा चमकत होता आणि वूफरच्या प्रत्येक ठोक्याला आजीच्या मांडीवरचं ताट हलत होतं. टप्प्यावर वारा होता. आजी खडकावर अनवाणी चढली. पोहे, गूळ, खोबरं, वेलची घालून कालवलेला मलिदा, वर पाच फळं आणि गुलाबाची फुलं. काकांनी प्रार्थना म्हटली. तिच्यातलं एलियाहू हे नाव तेवढं मला कळत होतं, बाकी नाही. मग आजी खाली बसली आणि त्या चाकाच्या खुणेवरून तळवा फिरवत राहिली, पाळण्यातल्या मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मी तेवढ्यात खाली गाडीपाशी गेलो होतो. गावातली दोनचार पोरं जमली होती. त्यांना मी इंजिन बंद ठेवून, दारं उघडी टाकून तासभर गाणी ऐकवली. वरून काकांनी हात केला तेव्हा मला वाटलं, त्यांनाही ऐकू जातंय, आवडतंय.

परतताना वडखळला चहा घेतला आणि सेल्फ फिरेना. एकदा घर्र केलं आणि गप्प. दोघातिघांनी ढकलली, चालू झाली. काका म्हणाले, "बॅटरी उतरलीय का रे? गाणं बंद कर बघू." मी आवाज बारीक केला. बंद केला नाही. अँप्लिफायर चालूच होता. पेण गेलं, तारा गेलं. कर्नाळ्याचा चढ चढताना इंजिन ठेचकाळायला लागलं, आणि खिंड उतरून शिरढोणच्या जवळ येतायेता ते निळ्या दिव्यासकट विझलं. गाडी आपल्या वेगाने रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. पनवेल तिथून नऊ किलोमीटर. सूर्य अजून चांगला वर होता. तासाभराहून जास्त वेळ हातात होता.

काकांनी आधी ढकलून पाहिली. मी आणि ते, मागून दोन गाववाले. काही नाही. मग मी बॉनेट उघडलं. जाड वायर हलवून बघितली, थिंबल बघितलं, फ्यूज बघितला. सगळं जसंच्या तसं, माझ्या हातचं, देखणं. तेवढ्यात पेणहून पनवेलला जाणारी एसटी आली. काकांनी अर्धा हात वर केला. कंडक्टरने दारातून डोकं काढलं, ड्रायव्हरने वेग कमी केला.

मी म्हणालो, "काका, पाच मिनिटं. सापडलंय मला."

मला काहीही सापडलं नव्हतं. पण बॉनेटमध्ये वाकलेल्या अवस्थेत, दोन गाववाले बघत असताना, ज्या गाडीवर मी तीन हजार चारशे रुपये आणि सहा आठवडे घातले ती तिथे टाकून आजीला एसटीत चढवायचं, हे मला सहन होईना. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी. त्यांनी हात खाली घेतला. एसटी गेली.

पाच मिनिटांनी एक सहा आसनी रिक्षा आली, आत दोन जागा. मी म्हटलं, "बस्स, हा एक जोड." मग दुसरी एसटी आली. तिला हात करायला काका रस्त्याकडे निघाले तेव्हा मी किल्ली फिरवून बघा म्हणून त्यांना परत बोलावलं. त्यांनी येऊन किल्ली फिरवली. टिक असा आवाज झाला. एवढ्यात ती एसटीही गेली. त्यानंतर ज्या गाड्या आल्या त्या शुक्रवारच्या, माणसं दारात लोंबकळणाऱ्या. त्या थांबल्या नाहीत. काका आता दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मध्यापर्यंत जाऊ लागले. मी अजून वायरीच हलवत होतो, कारण हलवायचं थांबलो असतो तर मला तोंड वर करावं लागलं असतं.

आजी स्वतःच दार उघडून उतरली. मलिद्याचं ताट पदराखाली. तिने डोंगराकडे बघितलं.

"सालोमन, सूर्य बघ."

"आई, येईल एखादी. नऊ किलोमीटर तर आहे."

"येईल. आणि मी मध्येच कुठे पळस्प्याला असेन तेव्हा शब्बाथ लागेल. मग काय, रस्त्यात उतरू?" ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता मारते. तिने बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं, जशी स्वयंपाकघरात दुसरीच्या पातेल्यात डोकावावी, आणि म्हणाली, "गाणं मात्र छान वाजत होतं हो तुझं."

रस्त्याला लागून एक कौलारू घर होतं, सारवलेली ओटी, एका बाजूला मासे सुकवायची पाटी. ओटीवर आगरी बाई बसली होती, पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत ओचा खोचलेला. ती केव्हाची आमची मजा बघत असणार.

"काय जाला गो आये? गारी मेली?"

"मेली," आजी म्हणाली. "तुझ्या ओटीवर रात्र काढू देशील का? उद्या चांदण्या निघेपर्यंत. मी गाडीत बसत नाही आता."

काका मध्ये पडले, "आई, अगं घरी सगळे…" आजीने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

बाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी शनवार तेली नं? माजा सासरा सांगाचा. शनवारी घाना बंद, आग नाय, काय नाय." ती उठली. "मंग दिवा लावाचा असंल तुमाला. बेगीन ये, आये, सूर्य थोराच रायलाय." आणि आत वळून तिने नवऱ्याला हाक मारली, "आवो, ती खाट भाईर घ्या. पावनी हाय."

तिचं नाव हिराबाई. तिने काचेचा पेला धुऊन आणला. पाणी आजीने ओतलं. खोबरेल तेलाची बाटली हिराबाईच्या डोक्याला लावायची होती, नुकतीच आणलेली, बूच न फोडलेली. आजीने पदराच्या सुताची वात वळली. पेला भिंतीशी ठेवलेला, ओटी सगळी रस्त्याकडे उघडी, डोंगरामागे सूर्याची कड राहिलेली, अशा वेळी तिने काडी ओढली. हात दिव्याभोवती फिरवून डोळ्यांवर नेले. तिचे ओठ हलत होते. ट्रक जात होते. दर ट्रकला ज्योत आडवी व्हायची आणि हिराबाई आपल्या पदराचा आडोसा करून उभी होती. मी रस्त्यावरच होतो. हातात पाना होता.

दिवा लागल्यावर आजी खाटेवर बसली आणि नेहमीसारखी हवेत बोलली. "वारा सुटलाय. गाडीत कुणाची शाल राहिलीय वाटतं." मी धावत जाऊन शाल आणून दिली. मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "पनवेलला सगळे वाट बघत असतील."

मला समजलं. आयुष्यभर तिचं न सांगितलेलं समजायचा मला अभिमान होता, आणि तेव्हाही पहिल्याच वेळी समजलं. कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. काकाही आता वाहनात बसणार नव्हते. आईसमोर निदान आज तरी नाही. आणि तिला मला जा म्हणून सांगता येत नव्हतं. मी थिंबल पुसत बसलो. तिने थोड्या वेळाने पुन्हा, त्याच सुरात, हिराबाईच्या कौलांकडे बघत म्हटलं, "रेबेका दारात उभी असेल." न समजल्याचं सोंग मी केलं, आणि ते सोंग आहे हे तिला कळलं. म्हणून तिला दुसऱ्यांदा बोलावं लागलं. "पाच मिनिटं, सापडलंय" म्हणालो, त्याहून मला हे जास्त लागतं. अजून.

मी एका टेम्पोच्या मागे लटकून पनवेलला गेलो. अंगणात पोचलो तेव्हा आपटेकरांच्या घरात दिवा लागलेला होता, काकूंनी लावलेला. दार उघडं. आमच्या अकरा खुर्च्या आणि त्यांच्या आठ, सगळ्या भरलेल्या, पुरुषांच्या डोक्यावर टोप्या. टेबलाच्या टोकाची एक तेवढी रिकामी. काकू पांढऱ्या पातळात दारातच होत्या.

"मिलिंदा, आई कुठायत?"

मी सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि माझ्या काळ्या हातांकडे बघत होत्या.

"बऱ्या आहेत ना पण?"

"बऱ्या आहेत."

त्या आत वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "सुरू करा तुम्ही. त्या आज येत नाहीत. शिरढोणला राहिल्यात."

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "शिरढोणला कोण आपलं?"

मी दारात उभा होतो. आत यायच्या आधी त्या नळीला हात लावायचा तर हात काळे होते, म्हणून मी बाहेरच थांबलो. थोड्या वेळाने आत कुणीतरी प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. सालोमन काका असते तर त्यांनी म्हटली असती.

आमच्या घरात अण्णा बनियनवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला. "तिथून पनवेलची गाडी गेली का एखादी?"

"गेली."

"किती?"

"थांबणाऱ्या तीन."

अण्णांनी मान हलवली, बेरीज जुळल्यावर हलवायचे तशी, आणि जेवायला वाढायला सांगितलं. ते मला त्या दिवशी काही बोलले नाहीत, नंतरही कधी नाही. आई बोलली, पुष्कळ बोलली, आणि ते मला बरं वाटलं.

शनिवारी उजाडताच अण्णा आणि मी शेजारच्याची भरलेली बॅटरी सायकलला बांधून शिरढोणला गेलो. मी स्वतःच्या हाताने सगळं उसवलं. तिजोरी काढली, स्पीकर काढले, शेवटी निळा दिवा काढून खिशातला तांबडा परत लावला, निव्वळ जागच्या जागी असावं म्हणून. मग किल्ली फिरवली. तांबडा दिवा लागला. इंजिन चालू झालं, तो विझला. मीटर लावला तर पावणेचौदा. मी गाडी बंद केली, दिवा काढला, पुन्हा चालू केली. साडेबारा, आणि हळूहळू खाली. दिवा लावला, पावणेचौदा. असं चार वेळा केलं. त्या दिव्यातून जाणारा थोडासा करंटच डायनामोला जागं करत होता. तो दिवा नुसती खबर देणारा नव्हता. अण्णा शेजारी उभे होते. चारही वेळा त्यांनी वाकून मीटर पाहिला.

तो सबंध दिवस आजी हिराबाईच्या ओटीवर होती. हिराबाईच्या घरचं शिजवलेलं तिला चालत नव्हतं. टप्प्यावरचा उरलेला मलिदा, केळी आणि नारळ, एवढंच तिने खाल्लं. हिराबाईने मात्र मलिदा मागून घेतला आणि म्हणाली, "गोड हाय, पन मीठ कमी." दोघी दिवसभर बोलत होत्या. तेलाचे घाणे, सासवा, कुणाला किती मुलं झाली नि किती राहिली. मी लांबून ऐकत होतो. आजी दोनदा मोठ्याने हसली. काका भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्या तशी ती उठली, हिराबाईच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि गाडीत बसली. बसताना मला म्हणाली, "बाबू, गाणं नको हं."

रविवारी सकाळी अण्णांनी सहा हजार काकांच्या हातात दिले. काका स्वतःच गाडी चालवत विमानतळावर गेले, अट होती तशी. तिकडून त्यांचा फोन यायचा वर्षातून एकदा, रोश हशानाला, त्यांच्या नव्या वर्षाला. आजी तिकडे सात वर्षं जगली. काका एकदा म्हणाले, ती तुझी चौकशी करायची, "आपला गाणेवाला काय करतो" म्हणून. मी फोन आईकडे दिला. आता विमानतळ आमच्याच दाराशी आलाय, उतरताना विमानं घरावरून जातात. त्या आवाजाने ताटं हलली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. मुलाला वाटतं, माझे कान नाजूक झालेत.

निघण्याआधी काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शिरढोणच्या बाईंना विचार, काय द्यायचं. शब्बाथला आईला देता येत नव्हतं आणि नंतर त्या घेईनात. त्या जे मागतील ते दे." अँप्लिफायर दुकानदाराने एकोणीसशेला परत घेतला होता. ते सगळे पैसे खिशात घालून मी पुढच्या आठवड्यात शिरढोणला गेलो. हिराबाई ओटी सारवत होती. मी विचारलं. ती हसली, मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. मी पैसे पुढे केले.

"घर माजा हाय. खाट माजी हाय," ती म्हणाली. "त्याचं कसलं पैसं? तेल तेवरा इकत आनलेला."

तिने सारवणाचा हात पदराला पुसून पुढे केला. तेलाचा दीड रुपया झाला. तो मी हिराबाईला दिला.